जुन्या लष्करी ट्रकचा डिझेल पंप गळतोय? पंप उतरवण्याआधी एवढं करा

लिलावात घेतलेला शक्तिमान किंवा टाटाचा फोर बाय फोर ट्रक दारात येऊन उभा राहिला की आठवड्याभरात इंजिनाखालच्या मातीवर काळा डाग पडलेला दिसतो. वास डिझेलचा. बघायला आलेल्यांपैकी एक तरी म्हणतोच, "पंप गेला, उतरवा आणि पंपवाल्याकडे टाका." बहुतेक वेळा एवढं करायची गरज नसते. या पंपांची गळती तांब्याच्या वायसरांत, प्रायमरच्या (हाताने डिझेल चढवायच्या दट्ट्याच्या) रबरात, फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या) पॅकिंगमध्ये किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या (प्रत्येक पाइपाच्या बुडाशी असलेल्या झडपेच्या) रिंगमध्ये सापडते, आणि यातलं पुष्कळसं काम पंप इंजिनावर असतानाच होतं. ज्या गळतीची खरी धास्ती घ्यायला हवी तिचा जमिनीवर थेंबही पडत नाही. तिच्याबद्दल पुढे.

इथली माहिती लाइनीतल्या पंपाची आहे: सहा सिलिंडरांसाठी सहा एलिमेंट (प्लंजर म्हणजे दांडा आणि त्याचं नळकांडं, बॅरल, यांची जोडी) एका ओळीत, वर सहा पाइप, पोटाशी फीड पंप आणि मागच्या टोकाला इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर. जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनलेला शक्तिमान, टाटाचे लष्करी ट्रक, नंतरचा अशोक लेलँडचा स्टॅलियन, सगळ्यांना हीच जात लागू. निसानचा एक टनी आणि मूळ जोंगा कारखान्यातून पेट्रोलवरच आले, त्यांना हे लागू नाही. कोणी मागाहून डिझेल इंजिन बसवलं असेल तर आधी पंप कुठला ते बघा. गॅरेजमध्ये या पंपाला सरसकट 'मायको पंप' म्हणतात. कंपनीचं नाव २००८ मध्ये बदलून बॉश झालं, पण नाशिकचं मायको सर्कल जसं मायको सर्कलच राहिलं तसा पंपही मायकोच राहिला.

पंपाच्या अंगावर एक छोटी पट्टी असते. ती पुसून तिचा फोटो काढून ठेवा. 'पीईएस ६ए ८०' अशी सुरुवात असेल तर ६ म्हणजे सिलिंडर, ए म्हणजे पंपाचा आकार आणि ८० म्हणजे ८ मिलिमीटरचा प्लंजर. किट घेताना दुकानदाराला गाडीचं नाव सांगून भागत नाही. लष्करी गाडीवर मागाहून दुसराच पंप चढवलेला असू शकतो, म्हणून पट्टीवरचा नंबर दाखवावा लागतो.

हात लावण्याआधी

पंपात दोन वेगवेगळे दाब असतात. फीड पंपापासून फिल्टर आणि मुख्य पंपाची गॅलरी (एलिमेंटना डिझेल पुरवणारी आतली पोकळी) इथपर्यंत दाब एक-दीड बारचा. वरच्या लोखंडी पाइपांत मात्र नोझल उघडायलाच साधारण २०० बार लागतात. या बाजूची बारीक फवार कातडीतून आत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आत डिझेल पसरत जातं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा आणि डिझेल दाबाने टोचलं गेलं आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. चालू इंजिनावर गळती शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

खोलायला घेताना बॅटरीची केबल काढा. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं, पण गरम मॅनिफोल्डवर पडलेल्या डिझेलचा धूर आणि स्टार्टरची ठिणगी ही जोडी वाईट. खाली पत्र्याचा ट्रे ठेवा. रबरी होज, क्लच प्लेट आणि वायरिंग डिझेलने खराब होतात, तेव्हा त्यांच्यावर फडकं टाका.

पंप धुताना घाई नको. गाडी फिरवून आणल्यावर गरम पंपावर थंड पाण्याचा जेट मारला तर प्लंजर जाम होऊ शकतो, कारण एलिमेंटची फट मायक्रॉनमध्ये मोजायची असते आणि बाहेरचं बॅरल आतल्या प्लंजरच्या आधी आकसतं. पंप थंड होऊ द्या. मग डिझेल आणि ब्रशने धुवा, सुती फडक्याने पुसा. धागे सुटणारं गोणपाट किंवा कॉटन वेस्ट अजिबात नको.

गळती नक्की कुठली

डिझेल वरून झिरपतं, बॉडीच्या कडेने वाहत येतं आणि सगळ्यात खालच्या नटावरून टपकतं. म्हणून टपकणाऱ्या नटाचा गळतीशी काही संबंध असेलच असं नाही. पंप कोरडा केल्यावर त्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. जिथे ओल येईल तिथे पावडर राखाडी होते आणि ओघळ कुठून निघाला ते उलट वर वाचता येतं.

आता तीन वेळा बघायचं. पहिल्यांदा इंजिन बंद ठेवून प्रायमरचा दांडा उघडा आणि तीस-चाळीस वेळा मारा. कमी दाबाच्या बाजूची गळती (बॅन्जो म्हणजे पोकळ बोल्टाने आवळलेला पाइपचा गोल जोड, फिल्टरचं झाकण, खुद्द प्रायमर) इथेच दिसते. मग पुन्हा पुसून, पावडर टाकून इंजिन पाच मिनिटं आयडलवर चालवा. आता वरचे पाइप-नट आणि डिलिव्हरी होल्डर (पाइपाखाली डिलिव्हरी व्हॉल्व्ह आवळून धरणारे तुकडे) बोलतात. तिसरी वेळ रात्रीची. गाडी बंद करून खाली वर्तमानपत्र पसरा. सकाळी कागदावर डाग नाही, पण गाडी पहिल्या सेल्फला उचलत नाही आणि प्रायमर मारल्यावरच सुरू होते, असं असेल तर कुठून तरी हवा आत जाते. टाकी ते फीड पंप हा ओढीचा भाग आहे. तिथली भेग डिझेल बाहेर सोडण्याऐवजी हवा आत ओढते, त्यामुळे ती कोरडीच दिसते. दोन टाक्या आणि मध्ये बदलाचा कॉक असेल तर संशयित नंबर एक तो कॉक.

यानंतर डिपस्टिक. फीड पंपाचा स्पिंडल (त्याचा दट्ट्या ढकलणारी काडी) किंवा एलिमेंट झिजलं की डिझेल पंपाच्या कॅम बॉक्समध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भागात, उतरतं. पंपाला इंजिनाचंच ऑइल मिळत असेल तर तिथून ते थेट इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये जातं, बाहेर थेंब नाही. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नका. एक थेंब वर्तमानपत्रावर टाका. ऑइलचा डाग आखूड आणि काळा राहतो. डिझेल मिसळलेलं असेल तर भोवती फिकट, तेलकट वर्तुळ पसरतं आणि त्याला वासही येतो. अशी गाडी चालवायची नाही. पातळ ऑइलने बेअरिंगं जातात. पातळी फार चढली तर ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ते तेल इंजिन स्वतःच जाळायला लागतं, आणि मग स्टॉप ओढला तरी इंजिन थांबत नाही. दुरुस्तीनंतर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला. काही जुन्या पंपांना स्वतःचं वेगळं ऑइल असतं. तिथे लेव्हल प्लग उघडल्यावर ऑइलऐवजी पातळ डिझेल बाहेर आलं की दुखणं तेच.

सामान

तांब्याचे वायसर डझनभर आणा. प्रत्येक बॅन्जोला दोन लागतात, एक बोल्टच्या डोक्याखाली आणि एक बॅन्जोच्या पलीकडे. फीड पंपाचे दोन बॅन्जो, गॅलरीचे दोन आणि फिल्टरचे दोन धरले की बारा झालेच. बहुतेक ठिकाणी १४ मिलिमीटरचा बोल्ट असतो, पण जुना वायसर खिशात घालूनच दुकानात जा. याशिवाय फीड पंपाचं रिपेअर किट, तळाचं पॅकिंग, प्रायमर (नवा सबंध घ्या, त्याच्या रबराच्या मागे लागू नका), डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या रिंगा आणि टॉर्क पाना. टॉर्क पान्याशिवाय डिलिव्हरी होल्डरला हात लावायचा नाही.

ओ-रिंग व्हिटॉन रबराची मागा. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या आत असतं, आणि ते काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची घडणही बदलते. जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षं फुगून बसलेली नायट्राइल रबराची रिंग नव्या डिझेलमध्ये आकसते. लष्कराच्या डेपोत कोरडी असलेली गाडी पेट्रोल पंपावरचं डिझेल भरल्यावर महिन्याभरात गळायला लागली, तर हे कारण आधी तपासा.

टेफ्लॉन टेप, एम-सील आणि शेलॅक घरीच ठेवा. टेपचा एक तंतू सुटला तरी नोझलमध्ये जाऊन बसतो, आणि बॅन्जो आट्यांवर सील होतच नाही, तो वायसरवर होतो. नवा वायसर मिळेपर्यंत जुना तांब्याचा वायसर लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाका. तांबं मऊ पडतं. वरची काळी पापडी बारीक पॉलिश पेपरने काढून सपाट काचेवर घासून घ्या. ॲल्युमिनियमच्या वायसरला हा उपाय चालत नाही.

फीड पंप

टाकीचा कॉक बंद करा. आधी प्रायमर बघा: दांडा खाली दाबून आटे पूर्ण बसवलेले आहेत ना? तो अर्धवट सैल राहिला तर चालू इंजिनात डिझेल दांड्यावरून वर येतं आणि पंप गेल्यासारखा दिसतो. हाताने घट्ट बसवल्यावर गळती थांबली तर काम संपलं. न थांबल्यास आतला दट्ट्या गेला, प्रायमर बदला.

बॅन्जो सोडताना कुठला बोल्ट कुठला ते रंगाच्या ठिपक्याने खुणावून ठेवा. गॅलरीतून परत टाकीकडे जाणाऱ्या पाइपाचा बोल्ट साधा नसतो. तो ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह आहे, आत स्प्रिंग आणि गोळी असते. दिसायला सारखा म्हणून त्याच्या जागी साधा बोल्ट लावला तर गॅलरीत दाब टिकत नाही आणि गाडी चढाला मरते. ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह फीडच्या बाजूला लावला तर इंजिन उपाशीच. जोडणीतली ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तिच्यापायी चांगले पंप उतरवले जातात.

फीड पंप मुख्य पंपावर तीन नटांवर बसलेला असतो, बहुधा दहाचा पाना लागतो. इंजिन हाताने थोडं फिरवून रोलर कॅमच्या खोल भागावर आणा, म्हणजे स्प्रिंगचा जोर कमी राहतो. तिन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे सोडा. एकच नट पूर्ण काढला तर बॉडी तिरकी होऊन तिचा कान तुटतो. पंप हातात आला की रोलर टॅपेट खाली पडणार नाही याकडे लक्ष द्या.

मोठा प्लग उघडल्यावर स्प्रिंग आणि दट्ट्या निघतो, त्याखाली स्पिंडल. प्रायमरच्या खाली ओढीचा व्हॉल्व्ह, दुसऱ्या प्लगखाली सोडायचा व्हॉल्व्ह. दोन्ही चकत्या पालथ्या करून उजेडात धरा. कडेला खड्डा किंवा चिकटलेला कचरा असेल तर बदला. ओढीच्या तोंडाशी बारीक जाळी असते. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ती काळ्या चिकट गाळाने भरलेली सापडते. तशी सापडली तर टाकीही साफ करायची आहे असं समजा, नाहीतर नवं किट महिन्यात पुन्हा उघडावं लागेल.

कॅम बॉक्समध्ये डिझेल जात असेल तर स्पिंडलची परीक्षा घ्यायलाच हवी. पंप परत जोडा, बाहेरचं तोंड बंद करा, आतल्या तोंडाला रेग्युलेटरमधून २ बार हवा द्या आणि सगळा पंप स्वच्छ डिझेलच्या डब्यात बुडवा. स्पिंडलपाशी सुटा सुटा बुडबुडा आला तर चालेल, सलग धार आली तर स्पिंडल आणि त्याचं भोक झिजलं. ही जोडी एकमेकांवर घासून बसवलेली असते, किटमधल्या रिंगने ती बरी होत नाही. नवा फीड पंप घ्या. मुख्य पंपाच्या पूर्ण कॅलिब्रेशनच्या (टेस्ट बेंचवरच्या जुळणीच्या) मानाने तो स्वस्तच पडतो.

बसवताना पॅकिंग जुन्याच जाडीचं वापरा. घरच्या पुठ्ठ्याचं जाड पॅकिंग कापलं की रोलर कॅमपासून लांब जातो, स्ट्रोक आखूड होतो. नट पुन्हा आळीपाळीने आवळा. सहा मिलिमीटरचे स्टड आहेत, मनगटाचा जोर पुरे.

डिलिव्हरी होल्डर

वरच्या पाइपांच्या बुडाशी ओल असेल तर आधी फक्त पाइपचा नट बघा. नट सोडताना आणि आवळताना दुसऱ्या पान्याने खालचा होल्डर धरून ठेवायचा. हे न केल्यामुळे नटाबरोबर होल्डर किंचित फिरतो आणि काल नसलेली गळती आज सुरू होते. पाइपचं शंकूसारखं तोंड चेपलं असेल तर जोर लावून गळती थांबत नाही, पाइप बदलावा लागतो. सगळे पाइप सारख्या लांबीचे असतात, म्हणून आखूड किंवा वेगळा वाकवलेला पाइप तिथे चालवू नका.

होल्डरच्या मुळाशीच ओल असेल तर रिंग गेली. सहाही पाइप क्लॅम्पसकट काढा आणि नोझलकडची तोंडं झाका. दोन होल्डरांमधल्या लॉकपट्ट्या काढा. एका वेळी एकच होल्डर उघडायचा आणि तो बंद करूनच पुढच्याकडे जायचं. आत क्रमाने स्प्रिंग, व्हॉल्व्ह, सीट आणि त्यावरची रिंग मिळते. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट ही जोडी आहे, शेजारच्याशी अदलाबदल केली तर ते सिलिंडर वेगळं डिझेल ओढू लागतं. सगळं स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवा, कपड्याने पुसू नका. व्हॉल्व्ह उभा धरून सीटमध्ये सोडला की तो आपल्या वजनाने सावकाश खाली उतरायला हवा.

नवी रिंग डिझेलमध्ये बुडवून बसवा. होल्डर एकदा हलका आवळा, सोडा, पुन्हा आवळा, म्हणजे रिंग सरळ बसते. शेवटचा टॉर्क ए आकाराच्या पंपाला साधारण ४० न्यूटन-मीटर. तुमच्या पंपाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. गळती थांबेना म्हणून पान्यात पाइप घालून आवळणं धोक्याचं आहे: जास्त जोराने खालचं बॅरल मुरगळतं, प्लंजर अडकतो आणि त्याच्याबरोबर रॅकही (डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी).

म्हणून प्रत्येक होल्डरनंतर स्टॉपची काडी हलवून रॅक बोटाने सरकतो का बघा. इंजिन थोडं फिरवून पुन्हा बघा. कुठेही अडखळला तर तो होल्डर सोडून परत आवळा. तरीही अडखळत असेल तर इंजिन सुरू करायचंच नाही. रॅक पूर्ण डिझेलच्या बाजूला अडकलेला राहिला तर इंजिन सुरू होताच आरपीएम चढत जातं, आणि मोठं इंजिन काही सेकंदांत स्वतःला मोडून घेतं. डेपोत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीची ही तपासणी गळती नसली तरी पहिल्या सेल्फच्या आधी करायची असते. गव्हर्नरवरच्या शिशाच्या सीलला आणि त्यामागच्या स्क्रूला हात लावू नका.

हवा काढणं आणि पहिली सुरुवात

कॉक उघडा. आधी फिल्टरचा, मग गॅलरीचा हवेचा स्क्रू सैल करून प्रायमर मारत राहा. पांढरा फेस जाऊन काचेसारखं डिझेल आलं की मारता मारताच स्क्रू बंद करा. प्रायमर खाली दाबून आटे बसवा. आता नोझलकडचे पाइप-नट एकेक आटा सैल करा, बॅटरी जोडा आणि सेल्फ मारा, पण एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही. मध्ये दोन मिनिटं स्टार्टर थंड होऊ द्या. नटापाशी डिझेल उसळायला लागलं की नट आवळा, साधारण २५ न्यूटन-मीटर.

सुरू करण्याआधी एअर क्लीनरची होज काढून एक माणूस जाड लाकडी फळी घेऊन इनटेकपाशी उभा करा. आरपीएम आपोआप चढलं की फळी तोंडावर दाबायची, हात किंवा फडकं नाही. फळी लागत नाही बहुतेकदा, पण लागली तर तेव्हा ती शोधायला वेळ नसतो.

दहा मिनिटं आयडल, मग पावडरची परीक्षा पुन्हा, मग वीसेक किलोमीटर चक्कर. होल्डर पुन्हा आवळू नका, फक्त बॅन्जो तपासा. दोन-तीन दिवस रोज सकाळी डिपस्टिक बघा.

पंप कधी उतरवायचा

नवा फीड पंप लावूनही ऑइल वाढतं, पुढच्या शाफ्टच्या सीलमधून टायमिंग केसकडे गळतं, बॉडीला तडा आहे किंवा रॅक अडखळतो, तर पंपवाल्याशिवाय इलाज नाही. उतरवण्याआधी एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर खुणेशी आणा आणि पंपाची फ्लॅंज व बॉडी, दोन्हींवर छिन्नीची बारीक रेघ मारा. रंगाची खूण धुण्यात जाते. कपलिंगवरही तसंच. पंप गव्हर्नर आणि फीड पंपासकट द्या, पट्टीवरचा नंबर आणि इंजिन नंबर लिहून द्या, आणि टेस्ट बेंचवरचे सहाही सिलिंडरांचे आकडे कागदावर मागून घ्या. आकडे न देता नुसता पेंट मारून पंप परत देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.